एकविसाव्या दिवसाचा आवा

त्या राज्यात सगळे मातीचे होते, आणि चाकावरून उतरल्यापासून एकविसाव्या दिवशी प्रत्येकाला आव्यात जावं लागे. चाक कोण फिरवतं ते कुणी पाहिलं नव्हतं. आवा मात्र सगळ्यांनी पाहिला होता. गावाच्या उगवतीला गोवऱ्यांचा आणि राखेचा तो भलामोठा ढीग होता, आणि तो विझलेला असतानाही जवळून जाणाऱ्याचं अंग कोमट होई. आव्यातून भाजून निघाला तो पक्का, त्याला पाणी भरायचा अधिकार. एकविसाव्या दिवशी जो आव्यात गेला नाही, त्याची रवानगी चिखलखड्ड्यात. खड्ड्यात पडलेला दोन दिवसांत विरघळे. आधी काठ जाई, मग पोट, आणि शेवटी त्याचं नावही कुणाला आठवत नसे.

आव्याआधीचे दिवस शाळेचे. शाळा म्हणजे सारवलेलं मोठं अंगण. तिथे रांगेत बसायचं आणि न हलता वाळायचं, हाच अभ्यास. शिकवायला थापटणेगुरुजी होते. कच्ची मडकी ठोकून घडवायचं थापटणंच ते, चिंचेच्या लाकडाचे, चपटे, कडक, सरळ. प्रत्येक मुलाच्या पाठीवर रोज नेमके बारा ठोके देऊन ते त्याला आकारात आणत. गुरुजी दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते दुष्ट असते तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

शाळेत घागरी असत आणि रांजण असत. दोघं एकाच दिवशी चाकावरून उतरत आणि एकाच दिवशी त्यांना आव्यात जायचं असे. घागरींना घरीच आया आणि मावश्या खरवडून खरवडून पातळ करत. "पोट आत घे. नीट बैस. आवाज करू नकोस." खरवडताना घागरींना काय होत असेल, हे कुणी विचारत नसे. बाराव्या दिवसापर्यंत त्या खडखडीत वाळत आणि टिचकी मारली की ठण्ण वाजत. रांजणांना घरी कुणी हात लावत नसे. "रांजणच तो, जाड असायचाच," असं कौतुकाने म्हणत. मग तो जाडजूड, ओलाचिंब जीव शाळेत येई आणि पहिल्याच दिवसापासून घागरींच्या मागे पडे. तो कलंडे. बसल्या जागी जमिनीवर ओलं वर्तुळ उमटवी. वारा आला की तोंडातून घूं घूं करी, आणि सगळ्या वर्गाचं लक्ष जाई.

गुरुजींना वाटे, हा मुद्दाम ओला राहतो. ज्याचं अंग सर्वांत ओलं, त्याला ते भर उन्हात पुढे बसवत आणि बाराऐवजी चोवीस ठोके देत. त्यामुळे त्याचा काठ आणि पाठ वरून लवकर वाळत. पोट आतून तसंच राही. वरून वाळलेला दिसला की गुरुजी समाधानाने पुढच्याकडे वळत.

एकविसाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आव्यातून आवाज येत. धाड. मग थोड्या वेळाने पुन्हा धाड. गावकरी झाडू आणि टोपल्या घेऊन आधीच जमलेले असत. "रांजणांचं असंच असतं," असं एकमेकांना सांगत ते राख निवायची वाट पाहत. फुटणाऱ्या रांजणाशेजारी एखादी घागर असली तर तीही जाई. पण फुटलेल्याच्याच माथ्यावर खापर फोडायची तिथली रीत होती, त्यामुळे त्याचा दोषही रांजणावरच येई. तुकडे गोळा करून शाळेच्या वाटेवर पसरत. चिखल होत नाही, म्हणून.

हजेरीपटात खाडाखोड करणं गुरुजींना खपत नसे. एकदा चढलेलं नाव ते खोडत नसत. सकाळी ते सगळी नावं घेत, जुनीसुद्धा, आणि जुनं नाव आलं की अंगणाबाहेरच्या वाटेवरून बारीक आवाजात उत्तर येई, "हजर." कधी एकाच नावाला तीन-चार तुकडे एकदम उत्तर देत. नवी मुलं दोन दिवस घाबरत. तिसऱ्या दिवशी त्यांना सवय होई.

भागाक्का नावाची एक घागर होती. तिचे दोन मुलगे त्या वाटेवरून हजर म्हणत. ती शाळेकडे जाताना वाट सोडून काट्यांतून जाई, पण तुकड्यांवर पाय ठेवत नसे. मग चाकावरून तिच्या घरी जुळं आलं, तुळसा ही घागर आणि गोंदा हा रांजण. गोंदा शाळेत गेला त्या दिवसापासून भागाक्काने भरलेलं पाणी तिच्या पोटात कधी स्थिर राहिलं नाही. हा तिसरा तेवढा आव्यातून अखंड निघावा, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचा नवरा रावजी रांजणच होता आणि तो आव्यातून निघाला होता. काठापासून पोटापर्यंत त्याला एक तडा गेलेला होता. तेवढी बाजू भिंतीला लावून तो उभा राही. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत अर्धं होई आणि त्याच्या बुडाशी जमीन कायम भिजलेली असे. टिचकी मारली की तो भद्द वाजे. गावातले सगळेच थोर रांजण भद्द वाजत. रांजणाचा आवाज असाच असतो, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"आम्ही नाही का निघालो?" रावजी म्हणे. "मार खाल्ला, ऊन खाल्लं, निघालो. तू उगा जिवाला लावून घेतेस."

भागाक्का त्याच्या बुडाशी पसरलेल्या ओलीकडे बघे.

शाळा पुसायला एक पोतेरं होतं. त्याला सगळे पोतेरेमावशी म्हणत, आणि तिला कुणी काही विचारत नसे, कारण पोतेऱ्याला काय कळतं. पण रोज सकाळी प्रत्येक मुलाचं अंग पुसणारी तीच होती. पंधराव्या दिवशी भागाक्काने तिला कुंपणाशी गाठलं.

"मावशे, माझ्या गोंदाचं काय गं?"

"गार लागतो."

"म्हणजे ढ आहे?"

"गार म्हणजे गार. त्यात ढ कुठनं आला?" मावशी म्हणाली. "पोटाला गाल लाव तू त्याच्या. वाळलेला असला तर कोमट लागतो, आत पाणी असलं तर गार लागतो. तुझे थोरले दोघंबी गारच गेले आव्यात. मी सांगितलं असतं, पण मला इचारलं कुणी?"

भागाक्काला उभ्या उभ्या रडू आलं. तिला मावशीचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग रागाला वेळ नाही हे कळलं. "आता काय करू ते सांग," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दुपारी गुरुजींचा डोळा लागला की मावशी गोंदाला निंबाच्या सावलीत ओढून नेई. काठ आधी वाळून पोट मागे राहू नये म्हणून ती स्वतः ओली होऊन त्याच्या काठावर अंग टाके. त्याला हळूहळू फिरवत राही, म्हणजे सगळ्या अंगाला सारखा वारा लागेल. फिरवता फिरवता ती त्याला पाढे म्हणून दाखवी, आणि मग एक नवल कळलं. बसवून सांगितलेलं गोंदाच्या काठावरून वाहून जाई, पण फिरताना सांगितलेलं पोटात राही. तो घूं घूं करत पाढा म्हणे आणि तो बरोबर असे.

तुळसाने हे पाहिलं आणि तीही सावलीत आली. "मलाबी फिरव की गं," ती म्हणाली. तिला आजवर कुणी फिरवलं नव्हतं.

अठराव्या दिवशी मावशीने गोंदाच्या पोटाला अंग लावलं आणि ती उदास झाली. "चांगला वाळतोय," तिने भागाक्काला सांगितलं, "पण अजून वीस दिवस लागतील."

"तीनच उरलेत."

"मातीला कुठं ठाऊक आहे ते?"

विसाव्या दिवशी गुरुजींना दुपारी झोप आली नाही. त्यांनी गोंदाला सावलीत फिरताना पाहिलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी हा पोरगा वाऱ्यावर हुंदडतो आहे, याने त्यांचं लाकूड कडाडलं. साऱ्या वर्गासमोर त्यांनी गोंदाला अंगणाच्या मधोमध आणवलं आणि पोटावर सगळ्या ताकदीने एक ठोका दिला.

गोंदा ओरडला नाही. पण गुरुजी मागे सरले तेव्हा त्याच्या पोटावर एक चपटा, लांबट खळगा उमटलेला होता. हुबेहूब गुरुजींच्या अंगाचा आकार. अगदी चिंचेच्या लाकडाच्या रेषासुद्धा त्यात होत्या.

"गुरुजी," जमिनीवरून मावशी म्हणाली, "वाळलेल्या मातीवर वळ उठतो का हो?"

गुरुजींनी तुळसाला हलकेच ठोकून पाहिलं. ठण्ण. अंगावर खूण नाही. ते पुन्हा गोंदाकडे आले आणि त्या खळग्याकडे बघत राहिले. त्यांचा सगळा जन्म मुलांना ठोकण्यात गेला होता. ठोकल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला शिवलंच नव्हतं.

"गाल लावा," मावशी म्हणाली.

गुरुजी वाकले. लाकडाला वाकणं सोपं नसतं, करकर आवाज झाला. त्यांनी गोंदाच्या पोटाला गाल लावला आणि ते दचकले. विहिरीतल्या पाण्याइतकं ते पोट गार होतं. आत कुणीतरी अंधारात हळूहळू वाट चाचपत चालावं, तसं पाणी सरकत होतं. मग ते दुसऱ्या रांजणाकडे गेले, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. प्रत्येक वेळी गाल लावायला त्यांना जास्त वेळ लागला, कारण काय लागणार हे आता त्यांना माहीत होतं.

"सगळेच," ते पुटपुटले. "म्हणजे आजवरचे..." त्यांना भीती वाटत होती, आणि ती पोरांनाही दिसत होती.

एकविसाव्या दिवशी घागरी आव्यात गेल्या. चारही रांजण अंगणातच राहिले. नेमाप्रमाणे त्यांना न्यायला खड्ड्यावरचं फावडं आलं.

"आव्यात नाही ते खड्ड्यात," फावडं म्हणालं. "एकवीस म्हणजे एकवीस. तुम्हीच शिकवलंय, गुरुजी."

"मीच शिकवलं," गुरुजी म्हणाले. "चुकीचं शिकवलं. यांची शाळा अजून संपलेली नाही." आणि जन्मभर ताठ उभे राहिलेले गुरुजी फावड्याच्या वाटेत आडवे पडले. भागाक्का येऊन त्यांच्या शेजारी बसली. मावशीही पसरली. फावड्याने खूप आदळआपट केली, पण गुरुजींना ओलांडून जाण्याचा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, आणि नियमात नसलेलं काही करण्याची त्याची छाती नव्हती. शेवटी ते रिकामं परत गेलं.

त्या दिवशी आव्याभोवती गावकरी झाडू आणि टोपल्या घेऊन उभे होते. तिसरा प्रहर झाला. आवाज आला नाही. चौथा प्रहर लागला. लोक एकमेकांकडे बघू लागले. धाड झाल्याशिवाय आवा संपलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. काही जण टोपल्या तिथेच टाकून घरी पळाले. राख निवल्यावर तुळसा आणि बाकीच्या घागरी एकही न फुटता बाहेर आल्या.

रांजणांची शाळा आणखी वीस दिवस चालली. आता गुरुजी सकाळी आधी गाल लावत आणि मग ठरवत, कुणाला किती ठोके, कुणाला ऊन, कुणाला सावली. पाढे फिरता फिरता होत. रावजीला हे पटलं नव्हतं. "लाडावून ठेवताय," तो म्हणे. पण एकेचाळिसाव्या दिवशी आवा पेटला तेव्हा तो आला, आणि अंगणाच्या भिंतीला आपली ती बाजू लावून उभा राहिला. गावातले बाकीचे थोर रांजणही येऊन त्याच भिंतीला ओळीने टेकले. ही पोरं फुटणार, असंच त्यांना वाटत होतं. फुटू नयेत, असंही वाटत असावं, पण तसं कुणी बोललं नाही.

भागाक्का आव्याच्या तोंडाशी उभी होती. तिच्यातलं पाणी थरथरत होतं. एकेक प्रहर गेला. तिने मोजायचं सोडून दिलं. मग गोवऱ्या बसल्या, राख बाजूला झाली आणि तिच्यातून गोंदा बाहेर आला. लालभडक, एका खांद्यावर काळा डाग, आणि पोटावर तो खळगा आता कायमचा भाजलेला. भागाक्काने त्याला गाल लावला. तो सगळीकडून गरम लागत होता. ती हसू लागली आणि तिचं निम्मं पाणी सांडलं. गोंदामागोमाग बाकीचे तिघंही अखंड निघाले.

रीतीप्रमाणे गुरुजींना परीक्षा घ्यायची होती. त्यांनी भीत भीत एक टिचकी मारली.

ठण्ण झालं नाही. भद्दही झालं नाही. जमिनीखालून यावा तसा एक खोल, भरदार घुमारा उठला आणि तो थांबेचना. तो अंगणभर पसरला, घागरींच्या पोटांत शिरला, आव्यातली राख त्याने हलली. पास म्हणावं की नापास, हे गुरुजींना कळेना. असा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. हातातला खडू हजेरीपटावर तसाच राहिला.

"पुन्हा एकदा वाजवा, गुरुजी," भिंतीकडून रावजी म्हणाला.

गुरुजींनी पुन्हा वाजवला.

रावजी शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग तो जागच्या जागी सावकाश वळला, आणि काठापासून पोटापर्यंत गेलेला तो तडा सगळ्यांसमोर उन्हात आला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी मातीवर माती घासल्याचा आवाज झाला. मग त्याच्या पलीकडे. आणि भिंतीला टेकून उभे असलेले ते सगळे थोर रांजण एकेक करून वळू लागले.