पहाट घरट्याची

रानात जत्रा भरू लागली, त्या काळची गोष्ट. साळू साळिंदर दूरच्या जंगलात वकिली शिकून नुकतीच परतली होती. तिथे तिला कधी धड झोप लागली नाही. लहानपणी ती रात्रभर हिंडून आली की दयाळ पक्ष्याचं पहाटेचं गाणं ऐकत बिळात झोपायची.

तोच दयाळ आता करार घेऊन तिच्याकडे आला. "साळूताई, जत्रेवाले तरसराव माझं सगळं गाणं विकत घेताहेत, यापुढे फक्त जत्रेतच गायचं!"

"मग तुझी पिल्लं कुणाचं ऐकून शिकणार?"

दयाळाने करार तिच्यापुढे सरकवला. साळूने आपलाच काटा उपटला आणि करारात लिहिलं, 'संध्याकाळ जत्रेची, पहाट घरट्याची.'

"अर्धा आवाज कोण घेतं, वकीलबाई?" तरस गुरगुरला, पण दयाळाशिवाय जत्रा कसली? त्याने घेतला.

ती जत्रा कधीच उठली. म्हातारी साळू अजून पहाटे बिळात शिरते. बाभळीवर दयाळाचा नातू गाऊ लागतो, आणि तिचा डोळा लागतो.