कोंडाबाईची झोप

फार फार वर्षांपूर्वी माणदेशातल्या एका माळावर धनगरांची वस्ती होती. तिथं कोंडाबाई राहायची. तिच्याइतकं दमलेलं माणूस त्या मुलखात पुन्हा झालं नाही, असं म्हणतात.

वस्तीची एक रीत होती. आपलं कुत्रं भटक्या कुत्र्याशी झोंबलं, की त्याच्यापुढं पाण्याची परात ठेवायची. प्यालं तर भलं, नाही प्यालं तर पिसाळलं. सोपा न्याय! अशाच एका कुत्र्यानं परात रिकामी केली आणि लोकांनी त्याला मोकळं सोडलं. पुढं त्यानं कोंडाबाईच्या लेकाचा खरचटलेला गुडघा चाटला. मग ते पिसाळून मेलं आणि त्याच रोगानं लेकही गेला. रीत मात्र तशीच राहिली.

एका वर्षी मृग नक्षत्राच्या तोंडाशी तिचा स्वतःचा कुत्रा भुंग्या, मेंढरांचा राखणदार, लाळ गाळणाऱ्या एका उपऱ्या कुत्र्याशी भिडला. जखम दिसेना. कोंडाबाईनं हाताला फडकं गुंडाळून त्याचे दाट केस पिंजले. कानामागं दाताची बारीक खूण निघाली. तिनं त्याला लांबच्या बाभळीला साखळीनं बांधलं आणि भोवती मेंढरं कोंडायचं जाळं लावलं.

दीर बिरूबा परात घेऊन आला. भुंग्या चपाचपा प्याला.

"वैनी, पितंय की! सोडा त्येला. रानात लांडगं फिरत्यात."

"माझ्या लेकाला चाटलं, तवाबी त्ये कुत्रं पाणी पीतच हुतं, भावजी."

"मग मारून मोकळ्या व्हा."

"कळंस्तवर मारायचंबी न्हाई, सोडायचंबी न्हाई."

"आन् मेंढरं कोण राखनार?"

"मी."

आणि ती बसली. दिवसा नजर भुंग्यावर: आवाज बदलला का, जबडा लोंबतो का, उगाच हवेला चावतो का. रात्री नजर मेंढरांवर. लांडगे आले की ती स्वतःच भुंकायची. आधी लोक हसले. पुढं तिच्या भुंकण्यानं पलीकडच्या डोंगरावरचे लांडगेही शेपूट घालून पळायचे, असं म्हणतात. तिच्या वाटणीच्या जांभया चंद्र द्यायचा, असंही म्हणतात. आपण कुठं बघायला गेलो होतो! पण बाई थकली होती, फार थकली होती, एवढं खरं.

दिवाळी सरली. चरणीला निघायचे वाडे, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाडांचे तांडे, तिच्यासाठी खोळंबले. भुंग्या धडधाकट होता, जरा रुसलेला इतकंच. तिनं साखळी सोडली. तो मेंढरांभोवती धावला आणि ती बाभळीखाली आडवी झाली.

"जरा डोळा लावते," म्हणाली.

ती अजून उठलेली नाही, असं म्हणतात. तिथं आता एक शेंदरी धोंडा आहे.

आजही वस्तीतलं कुत्रं भटक्याशी झोंबलं, की आधी केस पिंजून बघतात, जनावरांच्या डॉक्टरांकडून सुई टोचून आणतात आणि ते सांगतील तितके महिने त्याच बाभळीला बांधतात. पाणी देतात, पण पाण्याला न्याय विचारत नाहीत. राखणीला घरातलं कुणीतरी बसतं. धोंड्याजवळ एखादं पोर ओरडलंच, तर राखणीवरचं माणूस दटावतं,

"हळू बोल. आज जागायची पाळी माझी हाय. तिला झोपू दे."