मागच्या दारावरची थाप

एकदा एका व्यापाऱ्याच्या कारखान्याला आग लागली. कारखाना लहानसाच होता. तिथे कागदाचे द्रोण आणि पत्रावळी तयार होत. तापलेल्या साच्याखाली कागद दाबला जाई, कडेचे कात्रण खाली पडे, आणि वस्तीतल्या काही बाया दिवसभर त्या यंत्रांपाशी बोलत-हसत काम करीत. व्यापाऱ्याचे नाव चिंतामण. मनुष्य वाईट नव्हता. सणासुदीला प्रत्येकीच्या हाती लुगडे ठेवी. कुणाचे मूल आजारी पडले, तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पोचवी.

एके दुपारी तो बाजारपेठेत गेला असताना कात्रणाच्या ढिगाने पेट घेतला. बाकीच्या बाया पुढच्या दाराने धावत बाहेर आल्या. कौसल्या मात्र अगदी मागच्या यंत्रावर होती. ती आणि पुढचे दार यांच्यामध्ये ज्वाळा उभ्या राहिल्या. मागे एक लोखंडी दार होते; पण त्या दाराने पूर्वी कागदाची रिळे चोरीला गेली होती. तेव्हापासून त्याला आतून कुलूप असे, आणि किल्ली चिंतामणच्या खिशात. गल्लीतल्या लोकांनी पहार आणून ते दार उचकटले, तोवर धुराने तिचा प्राण घेतला होता.

चिंतामणने तिचे दिवसकार्य केले. तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. रडलाही, अगदी मनापासून. भेटेल त्याला तो म्हणे, "काय करणार? अग्निदेवतेचा कोप! ठिणगी कुठे पडेल, हे का माणसाच्या हाती असते?" लोक माना डोलावत. बोलून बोलून ते वाक्य त्याला स्वतःलाच इतके खरे वाटू लागले, की त्यापलीकडे काही विचारायचे राहिले आहे, हे त्याच्या मनातही येईना.

पुढे त्याने त्याच जागी नवा कारखाना उभारला. पत्रे नवे, यंत्रे नवी, भिंतीला नवा रंग. भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडीही टांगली. उद्घाटनाला कुणाला बोलवायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा त्याला आपल्या गुरुजींची आठवण झाली. लहानपणी त्यांच्यापाशी तो शिकला होता. आता ते अतिशय वृद्ध झाले होते आणि कुठे फारसे जात नसत. आगीची सगळी हकीकत ऐकून मात्र ते यायला कबूल झाले. चिंतामणला फार समाधान वाटले. गुरुजींचे पाय लागले, की जागेवरची अवकळा जाईल, असे त्याला वाटत होते.

मुहूर्ताच्या सकाळी पुढच्या दाराला तोरण लागले होते. भटजी पाट मांडून बसले होते. पाहुणे खुर्च्यांवर, बाया आत यंत्रांपाशी नव्या साड्या नेसून उभ्या. गुरुजी गाडीतून उतरले, तोरणाकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चिंतामण, मी मागच्या दाराने येतो."

काठी टेकत ते गल्लीत वळलेसुद्धा. गुरुजींना मानपान आवडत नाही, हे ठाऊक असल्याने चिंतामण मनात हसला आणि आतून मागे गेला.

मागच्या दारापुढे तयार मालाचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले होते. पाहुण्यांसाठी पुढची जागा मोकळी करताना सगळे इथेच आणून टाकले होते. त्यामागे दार होते, आणि दाराला कुलूप होते. चिंतामणने खिसा चाचपला. समारंभासाठी नवा सदरा घातला होता. किल्ल्यांचा जुडगा घरी, जुन्या सदऱ्यात राहिला होता. त्याने पुतण्याला मोटारसायकलवरून घरी पिटाळले.

दारावर थाप पडली.

"गुरुजी, किल्ली आणायला पाठवलंय! तुम्ही पुढून या ना!" चिंतामणने ओरडून सांगितले.

पुन्हा थाप पडली. लोखंडी पत्र्यावर हाताच्या तळव्याची थाप, सावकाश, पण न थांबणारी.

"शेठ, मुहूर्त टळतोय हो," भटजी मागून म्हणाले. "कुणीतरी जाऊन त्यांना पुढे आणा."

माणूस गेला आणि परत आला. "गुरुजी काही बोलतच नाहीत. नुसतं दार वाजवतायत."

चिंतामणला आता रागही येऊ लागला आणि लाजही वाटू लागली. एवढ्यात बायांमधून एक किंकाळी उठली. ती शेवंता होती, कौसल्येची जाऊ. तीही मागच्याच यंत्रावर असे; आगीच्या वेळी गल्लीतल्या नळावर पाणी प्यायला गेली होती, म्हणून वाचली. ती धावत आली आणि गठ्ठे उपसून मागे फेकू लागली. "काढा, अगं काढा! उघडा कुणीतरी! आयकू येत नाही का तुम्हाला?" तिची बोटे सुतळीने कापली, तरी तिला भान नव्हते. मग बाकीच्याही आल्या. गठ्ठे हलले, पुतण्या किल्ली घेऊन पोचला, नव्या कुलपात ती जरा अडली, आणि अखेर दार उघडले.

गुरुजी बाहेर उभे होते. उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. समोर शेवंतेला पाहताच ते क्षणभर गोंधळले. मग काठी बाजूला ठेवून त्यांनी तिला हात जोडले.

"मुली, चिंतामणने ऐकावे म्हणून मी थाप दिली. ती तुझ्या काळजावर पडेल, हे मला उमजायला हवे होते. मला क्षमा कर."



"गुरुजी, हे काय केलंत?" चिंतामण म्हणाला. "मुहूर्त टळला."

"टळला खरा," गुरुजी म्हणाले. "मी मोकळ्या हवेत उभा होतो, म्हणून थांबू शकलो. आत असतो, तर? चिंतामण, अग्नीला बोल लावू नकोस. जाळणे हा त्याचा स्वभाव. तो त्याने कोणापासून लपवला नव्हता. उघडणे हा दाराचा स्वभाव. तो तू काढून घेतलास. बाहेरच्या चोराचा विचार तू रोज केलास. आतल्या माणसाचा करायचा राहून गेला. इतके होऊनही आज पुन्हा राहिला."

जे वाक्य इतके दिवस चिंतामणच्या कामी आले होते, ते आता ओठांपर्यंतही येईना. त्याने शेवंतेकडे पाहिले. आजवर जे कधी विचारले नव्हते, ते विचारले.

"शेवंताबाई, त्या दिवशी तुम्ही गल्लीत होतात. कौसल्या काही बोलत होती का?"

शेवंतेने पदराने बोटांचे रक्त टिपले. "दार बडवत तुमचंच नाव घेत व्हती, शेठ. 'शेठ, दार उघडा, शेठ, दार उघडा.' तिला वाटलं, तुम्ही हितंच कुठंतरी असाल."

चिंतामण खाली गठ्ठ्यावर बसला आणि दोन्ही हातांत त्याने तोंड लपवले. गुरुजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ते शेजारी बसून राहिले, एवढेच.

त्या दिवशी उद्घाटन झाले नाही. पाहुणे जेवून गेले. चिंतामणने लोहाराला बोलावून दाराचा कोयंडा कापून काढला आणि आतून हाताने सहज सरकेल अशी कडी बसवून घेतली. कात्रण रोजच्या रोज बाहेर नेण्याची व्यवस्था केली. आणि असा नियम घातला, की संध्याकाळी काम सुटले, की सर्वांनी मागच्याच दाराने घरी जायचे. म्हणजे वाट कधी अडणार नाही आणि पायांना ती ओळखीची राहील.

शेवंता पुन्हा कामावर आली नाही. तिला बोलावण्याचे धाडस त्याला झाले नाही.

संध्याकाळी बाया डबे सावरीत, एकमेकींना हाका मारीत बाहेर पडत, तेव्हा चिंतामण यंत्रांच्या ओळीत शेवटपर्यंत उभा असे. "आत कुणी राहिलं नाही ना?" तो विचारी. "नाही, शेठ," असे बाहेरून उत्तर येई. तरीही तो एकदा मागे वळून पाही, आणि मगच बाहेर पडे.

आपल्या भरवशावर जिथे चार माणसे कामाला बसतात, तिथले मागचे दार आज उघडते का, एवढे स्वतः जाऊन पाहावे.