बाईंच्या नावाचा खेकडा

"बाई, दगडी खेकड्याची मोठी नांगी कुठल्या बाजूला असते?"

"बहुधा उजव्या. आधी चपला काढ."

निनाद तांडेलने चपला भिरकावल्याच. देवगडच्या खडकांवरून पठ्ठ्या ओल्या पँटनिशी धावत आला होता. हातातल्या बादलीत खेकडा खडखडत होता.

"मग हा बघा! याची डावी मोठी! नवी प्रजाती, बाई! मला सापडली!"

विमलाबाई रेगेंनी आयुष्यभर कॉलेजात खेकड्यांचं वर्गीकरण शिकवलं. पण एकाही खेकड्याला त्यांचं नाव नव्हतं, आणि हे निनादला फार लागायचं. आज तो हिशेब चुकता होणार होता. आनंदाने त्याला एका जागी उभं राहवेना.

"नाव तुमचंच देणार! पेपरवाल्याला बोलावलंय, येतोच आहे. तुम्ही फक्त चिठ्ठी लिहून द्या, नवी प्रजाती आहे म्हणून. तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

बाई बादलीवर वाकल्या.

"उजवी एवढीशी का रे?"

"तेच तर लक्षण!"

"कोवळी दिसते."

"तेही लक्षण!"

"जुनी तुटून नवी फुटली असेल तर...?"

"फुटू दे की! तुटलेली नांगी पुन्हा येते, तुम्हीच शिकवलंत. पण उजवी तुटली म्हणून डावी कशाला मोठी होईल? तिचा काय संबंध?"

बाईंनी बादली हळूच बाजूला सरकवली.

मग म्हणाल्या, "आण कागद."

निनादने उडीच मारली! कागद, पेन, खाली धरायला पाट, सगळं एका दमात पुढ्यात.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाईंचा उजवा हात मांडीवर पडूनच असे. त्यांनी डाव्या हाताने पेन उचललं आणि सावकाश स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. तेच फळ्यावरचं गोल, ठसठशीत अक्षर. निनाद उतावीळपणे पुढच्या ओळीची वाट बघत राहिला.

पुढची ओळ आलीच नाही.

बाहेर मोटारसायकल थांबली. "तांडेल इथेच आहेत का?" कुणीतरी फाटकातून हाक मारली.

बाईंनी कागद निनादच्या हातात दिला.

"गेल्या वर्षापर्यंत मी उजव्या हाताने लिहायचे. त्याला आत बोलाव, आणि सांग... मी आता कुठली प्रजाती?"