हैबतीनं वाहिलेलं खोगीर

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ही हकीकत ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती. इतकी ती जुनी. भीमेकाठच्या नांदूरखेडीत तेव्हा घरटी घोडा होता, आणि हैबती नावाचा एक चाबूकस्वार होता. कोवळ्या घोड्यांना खोगिराची सवय लावायची, हे त्याचं काम. तो घोड्याचा ओठ उचलून दात बघायचा. खालचे चार दुधाचे दात पडल्याशिवाय तो पाठीवर खोगीर ठेवू द्यायचा नाही. तोवर हाडं कच्ची असतात, म्हणायचा. त्याचा शब्द कधी चुकला नाही, असं म्हणतात.

पाटलांची काजळी नावाची घोडी होती, जेमतेम दोन वर्षांची. पाटलांच्या मुलाला लग्नात तिच्यावरूनच मिरवायचं होतं. हैबती म्हणाला, "धनी, दोन वर्षं थांबा."

लग्नाच्या सकाळी त्याला पुन्हा बोलावणं आलं. "बघा बाबा, पडले की दात!" पाटील म्हणाले.

हैबतीनं ओठ उचलला. चार दात नव्हते खरे. पण हिरड्यांतून ताजं रक्त येत होतं. कुणीतरी ते उपटले होते. वऱ्हाड खोळंबलं होतं, वाजंत्री थांबली होती.

"का हो बाबा, नवरदेवाला काय तुमच्या पाठीवर बसवायचं?" गर्दीतून कुणी बोललं. सगळे हसले. हैबतीही हसला, आणि त्यानं मान डोलावली.

शिवेपर्यंत काजळी चालली. तिथं तिचे गुडघे मोडले. नवरदेव वाचला, घोडी गेली.

हैबतीनं तिचं खोगीर सोडलं, स्वतःच्या पाठीवर टाकलं आणि पोटाशी तंगाचा पट्टा आवळला. "दोन वर्षं तुझं ओझं माझ्याकडे," एवढंच तो बोलला. मग रोज गावाची शीव फिरू लागला. पहिल्या वर्षी धुळीत त्याची पावलं उमटत. दुसऱ्या वर्षी मात्र तो गेला, की मागं टापांचे ठसे दिसत, असं म्हणतात. बायका पाण्याची वाट बदलून जाऊ लागल्या.

काजळी चार वर्षांची झाली असती, त्या दिवशी खोगीर नदीकाठी सापडलं. तंग आवळलेलाच होता, पण आत कुणी नव्हतं. खोगीर आतून कोमट होतं, घामानं ओलं. हात लावणाऱ्यानं तो घाम हुंगला. घोड्याचा होता.

नांदूरखेडीत आता घोडी थोडीच उरलीत. तरी दात काहीही सांगोत, पहिल्यांदा खोगीर चढवण्याआधी मालक ते स्वतःच्या पाठीवर घेतो आणि शीव फिरतो. घोडं मागं मोकळं सोडायचं. वळून बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. एका घोड्याच्या टापा आल्या, तर उद्या खुशाल बसा. दोघांच्या आल्या, तर खोगीर तिथंच खाली ठेवायचं, हैबतीबाबाचं नाव घ्यायचं आणि आणखी वर्षभर थांबायचं.