बिनकाट्याचे दुखणे

त्या मुलखात दुखण्याला काटा लागत असे. काटा असेल तर दुखणे आहे, नसेल तर नाही, इतका सरळ मामला होता आणि तो सगळ्यांना पटलेला होता. मुलूख बाभळींचा होता, जनावरे ओझी वाहून पोट भरत होती. तेव्हा हा नियम कुणी वाईट बुद्धीने केला होता असे म्हणता येत नाही. बहुतेक वेळा खरोखरच काटा निघत असे.

काटे काढायला एक गायबगळा होता. त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या तांड्याचा तळ होता, तिथल्या एका सपाट दगडावर तो उभा राही. दुखणेकरी जनावराने दगडाभोवती तीन फेऱ्या मारायच्या, मग पाय पुढे करायचा. काटा निघाला की तो त्याच जनावराच्या ओठांत देई, आणि ते जनावर तो घेऊन टेकडीपलीकडच्या गरम झऱ्यावर जाई. तिथे मऊ, कोमट चिखल होता. वाटेवर एक म्हैस राखणीला बसलेली असे. काट्याच्या टोकाला रक्त आहे की नाही एवढे ती हुंगून बघे आणि तीन दिवस आत सोडी. चिखल थोडा आणि जनावरे फार, म्हणून याहून जास्त चौकशी करायला तिला सवड नव्हती.

त्या तांड्यात राखुंडी नावाची एक गाढवीण होती. ती पाठीवर मिठाच्या दोन गोणी घेऊन दिवसाला चार खेपा मारत असे. एका पावसाळ्यानंतर तिचे अंग दुखू लागले. एखाद्या पायात दुखले असते तर बरे झाले असते. पण तिची आज पाठ दुखे, उद्या मान, परवा कानांची मुळे आणि चौथ्या दिवशी सगळे एकदम. गवताचे पाते अंगाला घासून गेले तरी ती दचके. रात्रभर आडवी पडूनही सकाळी ती आदल्या संध्याकाळपेक्षा जास्त दमलेली असे.

ती वैद्यबुवाकडे गेली. त्याने मनापासून पाहिले, चारही खूर पाहिले, पोटाखाली वाकून पाहिले, आणि पुन्हा एकदा फेऱ्या मारायला लावल्या.

"काटा नाही," तो म्हणाला. "आनंदाची गोष्ट आहे."

त्याला खरेच आनंद झाला होता. राखुंडीने मान डोलावली आणि बाजूला जाऊन थोडे रडून घेतले. आपल्याला काटा हवा होता, याची तिला फार लाज वाटली.

तांड्यातली जनावरे मनाने भली होती आणि सल्ला द्यायला कुणी मागे राहिले नाही. घोडी म्हणाली, पहाटे दौड मार, अंग मोकळे होईल. रेड्याने लिंबाचा पाला सुचवला. एक मेंढी म्हणाली, "तू ना, फार मनाला लावून घेतेस." आणि जवळजवळ प्रत्येकाने तिला सांगितले, की दिसतेस मात्र छान. लिंबाचा पाला तिने महिनाभर खाल्ला. तोंड तेवढे कडू झाले.

तांड्याचा मुकादम खंड्या नावाचा बैल होता. त्याने एक दिवस तिला थांबवले. "येत्या पौर्णिमेला तळ टेकडीपलीकडे हलणार आहे," तो म्हणाला. "चढ अवघड आहे. चार खेपा होत नसतील आणि काटाही नसेल, तर तुला इथेच राहावं लागेल." तांडा गेल्यावर त्या माळावर लांडगे उतरतात, हे त्याने सांगितले नाही. ते राखुंडीला ठाऊक होते.

तळाच्या कडेला एक करंजाचे झाड होते. दुपारच्या विसाव्याला तिथे सहा-सात जनावरे उभी असत. ती एकमेकांच्या जवळ उभी राहत, पण कुणी कुणाला टेकत नसे. राखुंडी एका दुपारी उगीचच तिकडे गेली आणि इथे सावली जास्त आहे का, असे काहीतरी विचारले.

"सावली सगळीकडे तेवढीच," एक म्हातारी गाय म्हणाली. तिला सगळे ढवळीमावशी म्हणत. "ये. बसतेस की उभीच राहतेस? एकदा बसलं की उठताना जीव जातो ना?"

राखुंडी तिच्याकडे पाहतच राहिली. हे तिने अजून कुणालाही सांगितले नव्हते.

"किती दिवस झाले?" मावशीने विचारले.

"दोन महिने होतील."

"माझे नऊ पावसाळे झाले," मावशी म्हणाली, जणू आपले गाव कोणते ते सांगत होती. "आता ऐक. सकाळी धडपडून उठू नकोस. आधी कान हलव, मग मान, मग एकेक पाय. बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत. उन्हं वर आली की पाठ शेकून घे. आणि बऱ्या दिवसाला भुलू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे एखाद्या दिवशी बरं वाटेल, आणि मागचं सगळं भरून काढायला तू पाच खेपा मारशील. मग चार दिवस झोपून राहशील. आम्ही सगळ्यांनी केलंय हे."

राखुंडीने हे आदल्याच आठवड्यात केले होते. तिला हसू आले, आणि हसताना बरगड्यांत कळ आली. तिचा चेहरा पाहून बाकीच्यांनाही हसू आले, आणि मग सगळ्यांचीच तोंडे वाकडी झाली. दोन महिन्यांत तिला इतके हलके कधी वाटले नव्हते.

"आणि चिखलाने उतरतं का?" तिने विचारले.

"उतरतं," मावशी म्हणाली. "जात नाही, पण उतरतं. मला मागे एकदा खरा काटा लागला होता, तेव्हा तीन दिवस मिळाले होते. पहिल्या संध्याकाळी वाटलं, हे कातडं माझंच आहे. खरं तर एकदम तीन दिवस नकोच असतात. आठवड्याला एक संध्याकाळ मिळाली ना, तरी निभतं."

"मग मिळवायचा कसा?"

"काटा टोचून घ्यायचा," टिपरी नावाची शेळी हळूच म्हणाली.

"टिपरे," मावशी म्हणाली.

"मी घेतला होता. खरं तेच सांगते."

राखुंडी तीन दिवस विचार करत राहिली. चौथ्या दिवशी ती ओढ्याकाठच्या हिवराच्या झाडाकडे गेली आणि तिने एका लांब काट्यावर पाय जोराने टेकवला. वैद्यबुवाने काटा काढला तेव्हा तो हर्षाने फुलला होता. "बघ, होता की," तो म्हणाला. "मलाच सापडला नव्हता."

चिखलात तिने गळ्यापर्यंत अंग सोडून दिले. संध्याकाळ होईपर्यंत अंगातली एकेक गाठ सुटत गेली आणि ती पडल्या जागी झोपली. किती तरी दिवसांनी तिला अशी झोप लागली होती, जिच्यातून उठल्यावर सकाळ झाल्यासारखे वाटते.

पण परतल्यावर, चुकलेल्या खेपा धरून, तिच्यासमोर दिवसाला पाच खेपांचे ओझे तयार होते. काटा निघाला म्हणजे दुखणे गेले, हे उघड होते. सहाव्या दिवशी सगळे दुखणे परत आले, शिवाय खुरातली जखम चिघळली ती वेगळीच. ती पुन्हा दगडाशी गेली. वैद्यबुवाने या वेळी तिला फेऱ्या मारायला लावल्या नाहीत.

"तो काटा हिवराचा होता," तो म्हणाला. "मला नंतर आठवलं. आपल्या वाटेवर हिवर नाही." तो रागावलेला नव्हता, त्याचे मन मोडले होते. "इतकी वर्षं काटे काढतोय, राखुंडे. खोटा काटा मी पहिल्यांदा काढला." नियमाप्रमाणे त्याने मुकादमाला सांगितले, आणि मागे राहणाऱ्यांत तिचे नाव पक्के झाले. पौर्णिमेला चार दिवस उरले होते.

करंजाखाली टिपरीला मान वर करवेना. "मी सांगायलाच नको होतं," ती म्हणाली.

"मला तीन दिवस झोप लागली, टिपरे," राखुंडी म्हणाली. "ती तुझ्यामुळेच."

ढवळीमावशी बराच वेळ रवंथ करत राहिली. मग म्हणाली, "आपण सगळ्यांनी त्याला पाय दाखवले. तो दगडावरून बघतो, आणि तिथून जेवढं दिसतं तेवढं नीट बघतो. त्याला पाठीवर घे."

"तो कशाला येईल?"

"भर दुपारी जा. दगड तापलेला असतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राखुंडी गेली. वैद्यबुवा दगडावर एक पाय उचलत होता, तो टेकवून दुसरा उचलत होता, आणि आपण असे करत नाही आहोत असे दाखवत होता.

"काटा मीच टोचून घेतला होता," राखुंडी म्हणाली. "ते खोटं होतं. दुखणं खोटं नाही. तुम्ही एकदा माझ्या पाठीवर उभे राहा, वैद्यबुवा. मग हवं तर मला मागे ठेवा."

"तशी रीत नाही," तो म्हणाला, आणि त्याने पाय बदलला.

"पाठीवर एवढं तापत नाही."

वैद्यबुवाने इकडेतिकडे पाहिले. आसपास कुणी नव्हते. मग त्याने पंख थोडे उघडले आणि अगदी अलगद, पान उतरावे तसा, तो तिच्या पाठीवर उतरला.

त्याच्या पायांखालचे कातडे थरारले. तो थरार मानेपर्यंत गेला, तिथून परत आला, शेपटीच्या मुळाशी पोहोचला आणि थांबलाच नाही. त्याने एक पाय उचलून दुसरीकडे टेकवला, तिथेही तेच. राखुंडीने चारही गुडघे घट्ट धरले होते आणि ती आवाज करत नव्हती. वैद्यबुवाला आपले वजन माहीत होते. वाळलेल्या बाभळीची डहाळीसुद्धा त्याच्याखाली कधी वाकली नव्हती.

तो खाली उतरला तो दगडावर नाही, जमिनीवर. राखुंडीच्या तोंडासमोर उभे राहून त्याने प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिले.

"याच पाठीवर दोन गोणी?" त्याने विचारले.

"हो."

"चार खेपा?"

"हो."

मग वैद्यबुवाने तिला असे काही विचारले, जे त्याने आजवर कुणालाही विचारले नव्हते. "कशाने बरं वाटतं?"

राखुंडीने सांगितले: सावकाश उठणे, दोनच खेपा, आठवड्याला एक संध्याकाळ चिखल.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"करंजाखालच्यांनी. सात जण आहेत."

"त्यांना एकेक करून पाठव," तो म्हणाला. "मुकादमाशी मी बोलतो. तू तांड्याबरोबर चल, दोनच खेपा मार. झरा तिथून जवळ पडेल." मग तो अडखळला. टोकाला रक्त दिसल्याशिवाय म्हैस आत सोडत नसे, आणि द्यायला त्याच्याकडे काटा नव्हता.

त्याने मान छातीत घातली आणि एक हिसका दिला. एक पांढरे पीस त्याच्या चोचीत आले. त्याच्या देठाला ताजे रक्त होते. ते त्याने राखुंडीच्या ओठांत ठेवले.

"एका वेळी एकच संध्याकाळ, असं तिला सांग," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात दुसरं घेऊन जा."

राखुंडीला काही बोलता येईना, ओठांत पीस होते. तिचे डोळे भरून आले आणि ती तशीच टेकडीकडे निघाली. झऱ्याच्या वाटेवर म्हशीने त्या पिसाकडे एकदा पाहिले, राखुंडीकडे एकदा पाहिले, देठ हुंगला आणि अंग चोरून वाट दिली.

इकडे माळावर वैद्यबुवा एकटाच राहिला. छातीवर जिथून पीस निघाले होते तिथे दुखत होते, आणि दुखणे हळूहळू सगळ्या छातीत पसरत होते. आयुष्यभराच्या सवयीने त्याने मान वाकवली आणि चोचीने ती जागा तपासली. एकदा, मग पुन्हा एकदा, पीस न् पीस बाजूला सारून. काटा कुठेच नव्हता.