उरलेली काजळी

“आणि तारेच्या घासणीनं घासलं तर?” हिंदुरावांनी विचारलं.

“घासलंच आहे तुम्ही,” दाऊदबाबा म्हणाले. “मग विचारता कशाला?”

हिंदुराव शेलार निवृत्त फौजदार. फौजदारकीत जन्म गेला, समोरच्याची लबाडी नुसत्या नजरेनं ओळखायचे. आज स्वतःच सापडले होते.

दाऊदबाबा एके काळी बंदुकांचे नावाजलेले कारागीर. आता दर्ग्यामागच्या खोलीत एकटेच राहत. कुणी आलं तर बोलत, न आलं तरी त्यांचं काही अडत नसे.

त्यांनी हिंदुरावांनी आणलेलं रिव्हॉल्व्हर उचललं. गोळ्यांचं चक्र बाहेर पाडून उजेडाकडे धरलं, रिकामं आहे ना ते पाहिलं. पोलाद पांढरंशुभ्र होतं. चक्राच्या तोंडाशी मात्र प्रत्येक भोकाभोवती काळं कडं धरलेलं, आणि त्यावर घासणीचे ओरखडे.

“हे पोलाद गंजत नाही म्हणतात...”

“गंज कुठंय? दारूची काजळी आहे ही. आजवर कोण साफ करायचं?”

“हवालदार.”

“हं...”

“खंडेनवमीच्या आत लख्ख झालं पाहिजे,” हिंदुराव म्हणाले. नोकरी संपली तरी आवाजातला हुकूम संपला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

“एवढी घाई?”

“त्या दिवशी शस्त्र पूजेला पाटावर मांडतो आम्ही. घरची रीत आहे. आणि... मुलगा येणार आहे.”

“येतो म्हणाला?”

“बघतो म्हणाला.”

बाबांनी बोटानं काळ्या कड्यांवर तेल लावलं, रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि स्वस्थ बसले.

“घासा ना आता!”

“मुरू द्या.”

दोघं बसून राहिले. घरी दिवसचे दिवस गप्प राहायची हिंदुरावांना सवय झाली होती. माणसासमोर मात्र ते जमेना.

“शेवटचं कधी झाडलं होतं?” बाबांनी विचारलं.

“मुलगा लग्न करून दारात आला तेव्हा. न विचारता केलं होतं. पोरीच्या गळ्यात हार तसाच होता...”

“कुणावर झाडलं?”

“छे! आभाळाकडे. होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या संपवल्या. दोघं उंबऱ्यावरूनच मागे फिरले.”

“मग?”

“मग काय... त्याची आई होती तोवर तिच्या फोनमधून त्याचा आवाज तरी कानावर पडायचा. आता दोन भाकरी थापतो, त्यातली एक उरते.” त्यांनी रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. “ही काळी कडी त्याच्या नजरेला पडता कामा नयेत, बाबा. दिसली तर तो परत वळेल.”

बाबांनी जुन्या धोतराचं मऊ फडकं फाडलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“मी?”

“इथं हवालदार नाही.”

हिंदुरावांनी मांडी घातली आणि सवयीनं सगळा जोर लावून रगडायला सुरुवात केली. बाबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“जोर नको. जोर तुमचा लावून झालाय.”

मग ते हळूहळू पुसू लागले. तेल लावायचं, थांबायचं, पुसायचं. काळं सुटत होतं, फडक्यावर उतरत होतं. उन्हं अंगणाच्या पार पलीकडे गेली. आपल्या शेजारी कुणीतरी इतका वेळ बसलंय, हे हिंदुरावांच्या मध्येच लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरले. हात तेलकट होते, म्हणून डोळे तसेच राहू दिले.

शेवटी प्रत्येक भोकाभोवती राखाडी सावली तेवढी उरली. त्यांनी पुन्हा तेलाकडे हात नेला. बाबांनी वाटी दूर सरकवली.

“बास.”

“अजून राहिलंय की!”

“राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. याच्यापुढे काजळी नाही निघायची, पोलाद निघेल.”

“पण त्याला दिसेल ना, बाबा! मग मी त्याच्यासमोर मांडू काय?”

बाबांनी रिव्हॉल्व्हर हिंदुरावांनी आणलेल्या पेटीत ठेवलं आणि कडी लावली. मग ते काळंकुट्ट फडकं उचललं, नीट घडी घातली आणि हिंदुरावांच्या तळहातावर ठेवलं.

“शस्त्र पेटीतच असू द्या, फौजदारसाहेब. तुमच्या हातानं किती निघालं, ते त्याला दिसू द्या. पाटावर हे मांडा.”